आईला त्रास काहीच नाही, तरी पॅराथायरॉईडचं ऑपरेशन करायचं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की धुळ्यात आईचं सहज चेकअप केलं, वय 57, रक्तातलं कॅल्शियम 11.4 म्हणजे जास्त आलं, परत केलं तरी 11.3, पीटीएच (गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथींचं संप्रेरक) 132 म्हणजे तेही जास्त, व्हिटॅमिन डी कमी, 13, आणि वाढलेली ग्रंथी शोधायला मानेचा सेस्टामिबी स्कॅन केला तर त्यात काहीच दिसलं नाही. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, नात्यातले एक जण म्हणतात डी चे सॅशे द्या सगळं जागेवर येईल, आणि आई म्हणते मला काही होतच नाही तर गळा कशाला कापून घेऊ. मी डॉक्टर नाही. अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत 29 वर्षं शिकवलं, आणि हेच ऑपरेशन माझं जानेवारी 2020 मध्ये झालंय, त्याच्या आधी 14 महिने मी करू का नको, करू का नको यातच घालवलेत, तेवढ्या जोरावर सांगते.

पहिलं ते "मला काही होत नाही" चं बघू. मी पण हेच म्हणायचे. मला 2014 मध्ये मुतखडा झाला, 2017 मध्ये परत, पण आपल्याकडे मुतखड्याचं कोणाला काय वाटतं सांगा, उन्हाळ्यात 45 डिग्री, बोअरचं जड पाणी, प्रत्येक घरात एकाला तरी खडा असतोच. सासूबाईंनी पानफुटीची पानं आणून दिली आणि म्हणाल्या "काय व्हयनं व माय, पानी पे, बरं व्हई जाई". रात्री तीनदा उठायला लागायचं, ते वयाचं. पोट साफ व्हायचं नाही, ते शाळेच्या धावपळीचं. दुपारी पाचवीच्या वर्गात उभ्या उभ्या डोळे मिटायला लागायचे आणि पोरांवर उगाच खेकसायचे, ते मेनोपॉजचं. प्रत्येकाला कारण तयार होतं हो. 2017 चा रिपोर्ट नंतर फाईलमधून काढला तर कॅल्शियम 10.9 तेव्हाच आलेलं, लॅबने ठळक अक्षरात छापलेलं, पण ना डॉक्टरांनी बघितलं ना मी, सगळ्यांचं लक्ष खडा किती एमएम चा आहे त्याच्यावर. म्हणून आईला "त्रास आहे का" असं विचारू नका, नाहीच म्हणेल. रात्री किती वेळा उठतेस, बाजारातून आल्यावर लगेच आडवी होतेस का, पाच वर्षांपूर्वी कधी अशी विसरायचीस का, असं विचारा. यातलं सगळंच याच आजाराने होतं असं नाही, पण हातात काहीतरी येतं.

आता डी चं. नातेवाईकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. डी कमी असलं की पीटीएच वाढतं हे खरंच, आणि इतक्या उन्हात राहून आपल्या बायकांचं डी कमी निघतं कारण ऊन बाहेर असतं आणि आपण पदर घेऊन चुलीपाशी. पण नुसतं डी कमी असल्याने पीटीएच वाढलं असेल तर रक्तातलं कॅल्शियम कमी नाहीतर नॉर्मल असतं, जास्त नसतं. इथे दोन्ही वाढलेत. गळ्यात थायरॉईडच्या मागे मसुराच्या डाळीएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, त्यांचं काम कॅल्शियम कमी झालं की पीटीएच सोडायचं आणि पुरेसं झालं की गप्प बसायचं. कॅल्शियम 11 च्या वर असताना पीटीएच 132 म्हणजे त्यातली एक तरी ग्रंथी ऐकत नाहीये, आणि ती हे कॅल्शियम बरंचसं हाडांतून काढते. डी द्यायचंच असतं, ऑपरेशनच्या आधी ते बरं करून घेतात, पण डॉक्टर सांगतील त्या बेताने आणि मधेमधे कॅल्शियम तपासत. मेडिकलमधून 60,000 चे सॅशे आणून दर आठवड्याला आपल्या मनाने देऊ नका.

डी च्या आधी अजून एक बघा, आईला बीपी ची गोळी चालू आहे का? गोळीच्या नावापुढे एच नाहीतर सीटी असं काही असेल तर त्यात लघवी वाढवणारं औषध असतं, हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन, त्याने कॅल्शियम थोडं वाढतं. लिथियमने (मनाच्या आजारावरचं औषध) पण वाढतं. स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा, ते बदलून देऊन परत तपासतील. आणि चोवीस तासांच्या लघवीतलं कॅल्शियम केलंय का, तुम्ही लिहिलं नाहीये. ते करायलाच पाहिजे, कारण काही घराण्यांत जन्मापासूनच कॅल्शियम थोडं वर असतं आणि लघवीत फार कमी उतरतं, त्यांना ऑपरेशनचा उपयोग नसतो, उगाच गळा उघडला जातो.

स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणजे गाठ, म्हणजे वाढलेली ग्रंथी, नसेलच असं वाटतं ना, तिथे मी पण अडकले होते. आजार आहे का नाही ते रक्तावरून ठरतं. स्कॅन फक्त सर्जनला कुठल्या बाजूला शोधायचं ते सांगतो. दिसली नाही म्हणजे गाठ नाही असं होत नाही, बारीक असेल तर सुटते, एकापेक्षा जास्त ग्रंथी वाढल्या असतील तर सुटते. माझ्या सेस्टामिबीत पण "संशयास्पद" एवढंच लिहिलेलं, मग 4डी सीटी नावाच्या दुसऱ्या स्कॅनमध्ये गाठ डाव्या बाजूला खाली दिसली. मी मास्तरीण, वाचत बसायची खोड, तर वाचलेलं एक सांगते, अमेरिकेत चार्ल्स मार्टेल नावाचा जहाजाचा कॅप्टन होता, त्याची याच आजारासाठी 1926 ते 1932 मध्ये सात ऑपरेशनं झाली, सहा वेळा गाठ सापडेना, सातव्या वेळी छातीत सापडली. तेव्हा स्कॅन नव्हते, आता असं सहसा होत नाही, पण हे वाचून मला एवढं कळलं की नुसता गळा उघडता येणाऱ्याचं हे काम नाही.

मग करायचं कधी? खडा वगैरे आधीच झाला असेल तर प्रश्नच नाही. त्रास नसणाऱ्यांसाठी डॉक्टर लोक काही आकडे बघतात. वय 50 च्या आत, कॅल्शियम लॅबच्या वरच्या मर्यादेपेक्षा 1 ने जास्त, हाडांच्या डेक्सा मध्ये (हाडं किती भरीव आहेत ते मोजणारी तपासणी) टी स्कोअर उणे 2.5 किंवा त्याच्या खाली, मणका दबलेला, किडनीत खडा किंवा ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) 60 च्या खाली, बाईच्या चोवीस तासांच्या लघवीत 250 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम. यातलं एक जरी असलं तरी ऑपरेशनचा सल्ला देतात. आईचं वय 50 च्या वर आहे, आणि कॅल्शियमचं तुमच्या लॅबवर आहे, वरची मर्यादा 10.2 छापली असेल तर 11.4 अटीत बसतं, 10.5 असेल तर थोडक्यात राहतं. म्हणून सगळा निर्णय बाकीच्या तपासण्यांवर आहे, आणि तुम्ही त्या न करताच घरात वाद घालताय (राग मानू नका, आम्ही पण तेच केलं). पोटाची सोनोग्राफी करा, गप्प बसलेले खडे निघतात. पाठीचा एक्सरे करा. डेक्सा करताना मनगटाकडचं हाड पण घ्यायला सांगा, हा आजार तिथलं हाड जास्त खातो आणि बऱ्याच ठिकाणी फक्त कंबर आणि खुबा करून पाठवतात. माझं कंबरेचं उणे 1.8 होतं, मी खुश, हाताचं केलं तर उणे 2.9. माझं मन तिथे वळलं खरं, कारण खडा दिसतो, दुखतो, पण हात असा आतून पोकळ होत होता आणि मी रोज त्याच हाताने फळ्यावर लिहीत होते.

तरी मी थांबले होते ते आवाजामुळे. आवाजाची नस या ग्रंथींना अगदी खेटून जाते, ती दुखावली तर आवाज कायमचा बसू शकतो. शिक्षिकेचा आवाज गेला तर राहिलं काय. इथल्या एका सर्जनला मी सरळ विचारलं की साहेब तुम्ही ही ऑपरेशनं किती केलीत, तर ते खरं बोलले, थायरॉईडची भरपूर, याची दोन-तीन. माणूस भला, त्यांनीच मला मुंबईला एंडोक्राइन सर्जनकडे, म्हणजे अशा ग्रंथींचीच ऑपरेशनं करणाऱ्याकडे, पाठवलं. सवयीच्या हातात नस कायमची दुखावायचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास, आणि शंभरातले 95 च्या वर पहिल्याच ऑपरेशनमध्ये बरे होतात. तुमच्यासारखं स्कॅनमध्ये न दिसलेलं असेल तर चारही ग्रंथी बघायला लागू शकतात, म्हणजे हा प्रश्न तुम्ही दुप्पट जोरात विचारायचा. लाजायचं नाही. ऑपरेशन चालू असताना पीटीएच तपासायची सोय आहे का हे पण विचारा, पीटीएच रक्तातून काही मिनिटांत उतरतं म्हणून गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी बघतात, निम्म्याहून खाली आलं की काम झालं. माझं 171 वरून 38 वर आलं. साधी ग्रंथी 30-40 मिलिग्रॅमची असते, माझी 1.2 ग्रॅम भरली.

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही, दुसऱ्या दिवशी सुट्टी, गळ्यावर बोटाच्या दोन पेरांएवढी रेघ, आता मंगळसूत्राखाली लपते. तिसऱ्या दिवशी ओठाभोवती आणि बोटांत मुंग्या आल्या, घाबरले, पण हाडं उपाशी असतात ती कॅल्शियम ओढून घेतात म्हणून तसं होतं, महिनाभर गोळ्या होत्या. आवाज दहा दिवस घोगरा होता, मग आला. रात्रीचं उठणं थांबलं, पोट सुधारलं, दुपारची झोप गेली, घरचे म्हणतात खेकसणं निम्मं झालं. गुडघे मात्र तसेच दुखतात, ते खरंच वयाचं निघालं. त्यामुळे ऑपरेशन केलं की आई पंचविशीची होईल असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

आणि नाही केलं म्हणजे चूकच असं पण नाही. माझी आत्या शिरपूरला, वय 81, कॅल्शियम 10.8, हृदय कमजोर, खडा नाही, तिच्या डॉक्टरांनी ऑपरेशन नको सांगितलं, वर्षातून एकदा कॅल्शियम आणि किडनी बघतात, हाडांसाठी औषध चालू आहे, मजेत आहे. सिनाकॅल्सेट म्हणून गोळी आहे, तिने कॅल्शियम उतरतं पण हाडं भरत नाहीत आणि बंद केली की परत चढतं. आत्याला थांबणं जमतं. 57 च्या बाईला अजून वीस-पंचवीस वर्षं याच हाडांवर काढायचीत, म्हणून तपासणीत एक जरी अट बसली तर मी माझ्या आईचं करून घेतलं असतं, आणि एकही नाही बसली तर वर्षभर बघत थांबले असते.

तोपर्यंत आईचं दूध-दही बंद करू नका, लोक सांगतात पण त्याने हाडांवरच ताण येतो. कॅल्शियमच्या गोळ्या आपल्या मनाने नकोत. पाणी भरपूर, मे महिन्यात लग्नाला नेत असाल तर बाटली सोबतच ठेवा. उलट्या, सारखी तहान, बोलण्यात गोंधळ असं झालं तर कॅल्शियम फार चढलेलं असू शकतं, थेट दवाखान्यात न्या. खर्चाचं महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, ॲडमिट झाल्यावर नाही.

चोवीस तासांच्या लघवीला सकाळची पहिली सोडून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशीची पहिली धरून सगळी कॅनमध्ये. त्या कॅनवर आईचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, आमच्या सासऱ्यांनी माझा कॅन फवारणीचं औषध समजून गोठ्यात नेऊन ठेवला होता आणि मला सगळं पहिल्यापासून करायला लागलं.