रिस्क-फाइव्हचा पीसी घरी घ्यावा का?

प्रश्न: घरचा पीसी पार बसलाय, नवा घ्यायचाय. यूट्यूबवर बघितलं की रिस्क-फाइव्ह म्हणून ओपन सोर्स प्रोसेसर आलाय, इंटेल-एएमडीची गरजच नाही. बाबांचं टॅली, माझं कॉलेजचं कोडिंग आणि थोडं यूट्यूब, एवढंच काम आहे. चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: टॅली म्हणालात तिथेच विषय संपला खरं तर. टॅलीला विंडोज लागतं आणि रिस्क-फाइव्हसाठी विंडोजच नाहीये. बॉक्स64 (इंटेल-एएमडीसाठी बनवलेले प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोसेसरवर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरून विंडोजचे प्रोग्रॅम चालवल्याचे व्हिडिओ आहेत, बघायला भारी वाटतात, पण बाबांना त्यावर जीएसटी रिटर्न भरायला बसवू नका.

आणि ओपन आहे तो फक्त सूचनासंच, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या हुकमांची यादी, 2010 मध्ये बर्कलीत सुरू झालेला, लायसन्स फी न देता कुणीही वापरावा असा. त्यावर बनवलेली चिप कंपनी कुलूपबंद ठेवू शकते, आणि बऱ्याच ठेवतातही. आपल्या आयआयटी मद्रासच्या शक्तीसारखे डिझाइनसुद्धा खुले असलेले प्रोसेसर आहेत, पण ते काही दुकानात डेस्कटॉप म्हणून मिळत नाहीत.

लोक सहसा घेतात तो व्हिजनफाइव्ह 2 बोर्ड, म्हणजे एकाच सर्किट बोर्डवरचा छोटा कॉम्प्युटर, चार कोअर, 1.5 गिगाहर्ट्झ. फ्रेमवर्क कंपनीच्या लॅपटॉपात बसणारा डीपकम्प्युटिंगचा मेनबोर्डसुद्धा याच चिपवर आहे, म्हणजे बॉडी झकास आणि आत जीव तेवढाच. टायपिंग, टर्मिनल, साध्या वेबसाइट ठीक, पण ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब उघडून वर व्हिडिओ लावला की रडायला लागतो.

पण वेगापेक्षा मला दुसरीच भीती वाटते. ऑक्टोबर 2024 मध्ये आरव्हीए23 नावाचं प्रोफाइल मंजूर झालं, म्हणजे चिपमध्ये किमान काय काय असायलाच हवं त्याची यादी, व्हेक्टर सूचना (एका हुकमात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) त्यात सक्तीच्या आहेत आणि त्या या व्हिजनफाइव्हमध्ये नाहीतच. उबुंटू या लिनक्सने 25.10 आवृत्तीपासून आरव्हीए23 सक्तीचं केलं आणि बाजारातले जवळपास सगळे बोर्ड एका फटक्यात 24.04 वर अडकले. मग आज पैसे घालून उद्या जुनं होणारं कशाला घ्यायचं? डेबियन हे दुसरं लिनक्स मात्र चालतं, ऑगस्ट 2025 च्या डेबियन 13 मध्ये रिस्क-फाइव्ह अधिकृतपणे आलंय.

म्हणून घरासाठी साधा इंटेल किंवा एएमडीचा मिनी पीसी घ्या, बाबा खूश. तुम्हाला असेंब्ली, कर्नल वगैरेत हात घालायचा असेल तर त्याच पीसीवर क्यूईएमयू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकून रिस्क-फाइव्हचं डेबियन चालवा, हळू चालेल पण फुकट आहे. बोर्ड घ्यायचाच झाला तर आरव्हीए23 वाला मिळेपर्यंत थांबा.