जुनी भट्टी: आधी कॉइल मोजा, मग किमतीचं बोला

या खेपेला वाई, सांगली, कऱ्हाड आणि तासगावहून आलेले प्रश्न घेतले आहेत. सगळे मातीची भांडी भाजायच्या वापरलेल्या विजेच्या भट्ट्यांबद्दलचे.

प्रश्न: मी वाईला शाळेत चित्रकला शिकवते. पुण्यातल्या एका स्टुडिओची आठ वर्षं वापरलेली ६ किलोवॉटची भट्टी मिळते आहे. मालक म्हणतात, "चालू आहे, तापते." घ्यावी का?

ताई, "तापते" एवढ्यावर नको. कॉइल, म्हणजे आतली तापणारी तार, झिजलेली भट्टीही तापतेच, फक्त हजार अंशांच्या पुढे रेंगाळते. जाताना मल्टीमीटर न्या. मेन बंद करून, जोडणी सोडवून कॉइलचा रोध (रेझिस्टन्स) मोजा. २३० व्होल्टवर ६ किलोवॉट म्हणजे सुमारे २६ अँपिअर. तेव्हा सगळ्या कॉइलींचा मिळून रोध ८.८ ओहमच्या जवळपास हवा. कॉइल जुनी होते तसा हा आकडा चढतो. दहा टक्के चढून ९.७ झाला, की संच बदलायला आला असं धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. एकदम दुप्पट आला, तर समांतर जोडलेल्या दोन भागांपैकी एक तुटलेला असणार.

सोबत लहानसा लोहचुंबक ठेवा. कॉइलला चिकटला तर तार कँथलच्या (लोखंड, क्रोमियम, ॲल्युमिनियमच्या) जातीची, नाही चिकटला तर बहुधा नायक्रोमची (निकेल-क्रोमियमची). कँथल ए-वन तार १४०० अंशांपर्यंत टिकते. नायक्रोमवर १२२० अंशांचं स्टोनवेअर (जास्त आचेवर भाजलेली घट्ट भांडी) नेहमी काढायचा विचार करू नका. टेराकोटा आणि बिस्क (लेप देण्याआधीची पहिली भाजणी) यांसाठी ती ठीक. एक मात्र सांभाळा: कॉइल हाताने वाकवून बघू नका. भाजलेली कँथल थंड असताना कडकन मोडते आणि मोडल्यावर वाद तुमच्याच अंगावर येतो.

फार जुन्या भट्टीच्या दारात किंवा पत्र्याआड ॲस्बेस्टॉसची दोरी वा तक्ता असू शकतो. तसा संशय आला, तर ती भट्टी शाळेत आणू नका. आणि शाळेत १६ अँपिअरचा पॉवर प्लग असेल, तर त्यावर ही भट्टी चालणार नाही. ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच), निदान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, चांगलं अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हे सगळं वायरमनकडून आधी करून घ्या.

प्रश्न: सांगलीत एक भट्टी फार स्वस्तात मिळते आहे. पण २०१९ च्या महापुरात ती दोन दिवस पाण्यात होती.

कृष्णेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांना गाळ म्हणजे काय हे सांगायला नको. भट्टीतही खरा त्रास पाण्यापेक्षा गाळाचाच. कॉइलच्या खाचेत राहिलेला गाळ तापल्यावर वितळून तार आणि वीट दोन्ही खाऊ शकतो. कॉइली काढून खाचा कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करा. तोंडाला एन-९५ मास्क हवाच. पाण्यात बुडालेला कंट्रोलर, काँटॅक्टर (कॉइलींची वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि वायरिंग वापरायचं नाही, सगळं नवं. तेव्हा विटा आणि सांगाडा यांच्यापुरतीच किंमत द्या. कोपरे ढेकळांसारखे सुटत असतील, तर तेवढीही नको.

विटा धड असल्या, तर झाकण उघडं ठेवून नीट वाळू द्या. पहिली आच शंभर अंशांच्या आत, तासन्‌तास, झाकण किलकिलं ठेवून. घाईने तापवली, तर अडकलेल्या पाण्याची वाफ विटा फोडते.

प्रश्न: कऱ्हाडजवळच्या आमच्या भट्टीला पूर्वी १२०० गाठायला आठ तास लागत. आता ११०० ला अडकते. कॉइली बदलू का?

दादा, आधी भट्टी पूर्ण चालू असताना वायरमनला तिच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज बघायला लावा. २३० ऐवजी २०० मिळत असेल, तर ताकद पाव भागाने घटते. ६ किलोवॉटची साडेचार होते. भट्टी बंद असताना २३० आणि चालू केल्यावर २१०, असं असेल, तर वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे. मी एकदा कॉइलींचा सगळा संच बदलला आणि दोष निघाला मेन स्विचमधल्या काळ्या पडलेल्या एका स्क्रूमध्ये. ते पैसे आणि तो आठवडा वाया गेल्याचं आजही वाईट वाटतं, म्हणून आधी व्होल्टेज बघा.

तिथे सगळं ठीक असेल आणि रोध चढलेला असेल, तर बदला, पण पूर्ण संच. जुन्या-नव्या मिसळल्या की भट्टी एका बाजूने कच्ची राहते. नव्या कँथल कॉइलींची पहिली भाजणी रिकाम्या भट्टीत, झरोका उघडा ठेवून १०५० अंशांपर्यंत करा. तारेवर ऑक्साइडचा थर धरतो आणि तोच तिला जपतो. थर्मोकपलही (भट्टीतलं तापमान मोजणारा भाग) जुना असेल, तर त्याच्या आकड्यावर विसंबू नका, शेल्फवर कोन, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा सुळका, ठेवा. कोन ६ साधारण १२२२ अंशांना वाकतो.

प्रश्न (तासगाव): विटांना भेगा आहेत. सिमेंटने भरू का?

सिमेंट नको, ते त्या उष्णतेत भुगा होतं. केसासारख्या भेगा तर भरूच नका. वीट तापून फुगली की त्या मिटतात. आत काही भरलं, तर शेजारी नवी भेग पडते. तुकडाच पडला असेल, तर तेवढ्याच मापाचा त्याच प्रतीचा विटेचा तुकडा घासून, रिफ्रॅक्टरी मॉर्टरचा (उष्णता सोसणाऱ्या गाऱ्याचा) पातळ हात देऊन बसवा. ग्लेझचा (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाचा) थेंब विटेत उतरला असेल, तर मात्र कोरून काढा, नाहीतर पुढच्या भाजणीत तो आणखी खोल जाईल.