तिकिटातली ट्रेन सोडली तर विमानात घेतील का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी आणि आमचे हे मे महिन्यात मुलाकडे जर्मनीला चाललोय, नात झालीये, युरोपची आमची पहिलीच वेळ. मुलाने लुफ्थान्साचं तिकीट काढलंय, मुंबई ते फ्रँकफर्ट विमान आणि तिथून स्टुटगार्टपर्यंत ट्रेन, येताना तेच उलट, सगळं एकाच तिकिटावर. आता मुलगा म्हणतो जाताना ट्रेनबिन नको, एवढ्या बॅगा घेऊन कुठे चढउतर करता, मी गाडी घेऊन फ्रँकफर्टलाच येतो. आणि येताना शेवटचे चार दिवस आम्ही माइन्झला माझ्या भाचीकडे असणार, तिथून फ्रँकफर्ट विमानतळ लोकलने जेमतेम अर्धा तास, मग उलटं स्टुटगार्टला जाऊन ट्रेन पकडायची म्हणजे द्राविडी प्राणायामच की. ह्यांचं म्हणणं, दादरचं तिकीट असताना आपण कल्याणला चढतोच ना, टीसी काय खातो का? मला मात्र धाकधूक वाटतेय. ट्रेनचे पैसे गेले तर गेले, पण विमानात घेतील ना? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमची धाकधूक अगदी बरोबर आहे, आणि ह्यांना सांगा की कल्याणचा हिशोब इथे चालत नाही. आपल्याकडे दादरला तुम्ही दिसला नाहीत तर फार तर टीसी तुमचा बर्थ आरएसीवाल्याला देऊन टाकेल, त्यावर डब्यात थोडी हुज्जत होईल, पण परतीचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर असतं, त्याला कुणी हात लावत नाही. तुमचं हे तिकीट तसं नाहीये. मुलाने पाठवलेली पीडीएफ उघडा, त्यात २२०ने सुरू होणारा तेरा आकडी नंबर दिसेल, तो माणशी एकच आहे, आणि त्याच्या पोटात चार कुपनं आहेत: मुंबई-फ्रँकफर्ट, फ्रँकफर्ट-स्टुटगार्ट, स्टुटगार्ट-फ्रँकफर्ट, फ्रँकफर्ट-मुंबई. मधली दोन ट्रेनची, पण नीट बघा, त्यांनाही एलएच आणि पुढे आकडे असा फ्लाइट नंबरच दिलेला असेल आणि खाली बारीक अक्षरात डॉइचे बान, म्हणजे जर्मन रेल्वे, असं. म्हणजे कंप्युटरच्या लेखी ती ट्रेन नाहीच, ते एक विमानच आहे जे रुळावरून जातं.

आणि ही कुपनं क्रमानेच वापरायची असतात. एक सोडलं की तुम्ही नो-शो, म्हणजे न आलेला प्रवासी, आणि नो-शोच्या पुढची सगळी कुपनं सिस्टिम रद्द करू शकते. तुमच्या बेतात तर दोनदा घोळ आहे. जाताना तुम्ही दुसरं कुपन सोडणार, त्या दिवशी कुणी काही बोलणार नाही, मुलाच्या गाडीत बसाल, नातीला मांडीवर घ्याल, आणि परतीच्या बॅगा भरताना कळायचं की तिसरं चौथं केव्हाच उडालंय. आणि ती वाचलीच तर येताना तिसरं सोडून चौथं धोक्यात घालणार. हे असं झालेलं मी पाहिलंय. आमच्या ओळखीतले नाशिकचे एक गृहस्थ, कंपनी वेगळी, नाव घेत नाही, पहाटे सहाला काउंटरवर उभे, पासपोर्ट दिला, तिथल्या मुलीने दोनदा तीनदा टाइप केलं आणि मग स्क्रीनच त्यांच्याकडे वळवून दाखवली, नाव आहे, तारीख आहे, पण तिकीट रद्द. बिचारे म्हणत राहिले अहो फक्त ट्रेनच सोडली होती. शेवटी तिथल्या तिथे एकेरी तिकीट काढून आले, आणि त्या पैशात नाशिक-मुंबई टॅक्सीने वर्षभर ये-जा झाली असती असं अजून सांगतात.

आता तुम्ही म्हणाल की आम्ही जागा रिकामी सोडतोय, पैसे परत मागत नाहीये, मग त्यांचं पोट का दुखतं? तर गंमत भाड्यात आहे. मुंबई-फ्रँकफर्ट थेट विमान, त्याला मागणी तगडी, भाडं चढं. पण मुंबई-स्टुटगार्टला जाणारा माणूस पॅरिसवरून जाईल, ॲमस्टरडॅमवरून जाईल, झुरिकवरून जाईल, त्याला ओढायला भाडं उतरवावं लागतं. म्हणून कित्येकदा विमान अधिक ट्रेन हे नुसत्या विमानापेक्षा स्वस्त पडतं, जास्त प्रवास कमी पैसे, आपल्या डोक्याला पटत नाही पण आहे तसं. मग लोक मुद्दाम ट्रेनवालं तिकीट काढून ट्रेन सोडायला लागले आणि कंपन्यांनी क्रमाचा नियम घट्ट धरला. तुम्ही तसं काही करत नाही हे मला कळतं, सिस्टिमला कळत नाही.

यावर जर्मनीत कोर्टकचेऱ्या झाल्यात बरं का. एप्रिल २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, बुंडेसगेरिष्ट्सहोफ, लुफ्थान्सा आणि ब्रिटिश एअरवेज या दोघांच्या बाबतीत सांगितलं की एक कुपन सोडलं म्हणून सरसकट सगळं तिकीट बाद करणं ग्राहकावर अन्याय आहे, कंपनीला फार तर भाड्यातला फरक मागता येईल. त्यानंतर लुफ्थान्साने आपल्या अटीत तसा बदल केला, म्हणजे क्रम मोडला तर तुम्ही जसे प्रत्यक्षात गेलात तसं भाडं पुन्हा मोजायचं आणि वरचा फरक भरायचा. कागदावर हे ठीक, पण फ्रँकफर्टच्या काउंटरवर रांगेत उभं राहून त्या निकालाचा दाखला देणं हे काम तुम्हा दोघांना जमेल असं मला वाटत नाही, आणि फरकाचा आकडाही त्या दिवशीच्या भावाने निघाला तर डोळे पांढरे होतील.

तर करायचं काय? पहिलं म्हणजे मुलाला एक गोष्ट तपासायला सांगा, तिकिटातली ट्रेन कुठल्या जातीची आहे. जर्मनीत दोन प्रकार चालतात. एक लुफ्थान्सा एक्स्प्रेस रेल, यात ठरलेली गाडी, ठरलेली वेळ, राखीव सीट, विमानासारखं चेक-इन, आणि नियमही विमानाचेच. दुसरा रेल अँड फ्लाय, तो बहुतेक वेळा नुसता एक कोड असतो, कोड टाकून रेल्वेचं तिकीट काढायचं आणि उड्डाणाच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी कुठल्याही गाडीने जायचं. तो कोड तसाच पडून राहिला तर विमानाला सहसा धक्का लागत नाही. पण त्याची दुसरी बाजू ऐका, गाडी लेट झाली आणि विमान चुकलं तर ते तुमच्या नशिबावर, एक्स्प्रेस रेलमध्ये मात्र पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची. आणि जर्मन गाड्या वेळेवर असतात ही आपली जुनी समजूत आता सोडा, २०२४ मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर आल्या त्या ६२.५ टक्के, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवर धरून! तुमच्या पीडीएफवर ठरलेली वेळ आणि एलएच नंबर असेल तर ते एक्स्प्रेस रेलच समजा.

दुसरं, जाताना ट्रेनने जा. खरंच सांगते, बॅगांची भीती वाटते तेवढी नाही. ट्रेनमध्ये सामान कंपनी नेत नाही, ते फ्रँकफर्टलाच पट्ट्यावर येतं, कस्टम करून ट्रॉलीवर टाकायचं, टर्मिनल १ मधून फर्नबानहोफच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या स्टेशनच्या, पाट्या लागतात, झाकलेल्या पुलावरून चालत जायचं की खाली प्लॅटफॉर्म. स्टुटगार्ट तिथून सव्वा तासाच्या आसपास. मुलाला यायचंच असेल तर त्याने गाडी घरी ठेवावी, फ्रँकफर्टला यावं आणि त्याच आयसीईचं, म्हणजे तुमच्याच जलद गाडीचं, स्वतःचं तिकीट काढून तुमच्यासोबत बसावं, बॅगा तोच उचलेल. चेक-इन आदल्या दिवशीच ऑनलाइन होतं, ते मात्र विसरू नका, दोन्ही वेळेस. चेक-इन केलं की झालं, गाडीत बसलं नाही तरी कोण बघतंय असंही पुष्कळ जण छातीठोक सांगतात, मी त्यावर दोघांचं परतीचं तिकीट लावणार नाही.

येतानाचा प्रश्न जरा अवघड. मला विचाराल तर भाचीकडचे चार दिवस मधे घ्या, शेवटी नको, शेवटची रात्र नातीजवळ काढा आणि सकाळी स्टुटगार्टहून ठरल्या गाडीने निघा. ते जमतच नसेल तर आत्ताच, मे उजाडायची वाट न बघता, ज्याच्याकडून तिकीट काढलं त्याला सांगून परतीचा प्रवास फ्रँकफर्टहून सुरू करून मागा. फरक किती ते आधी विचारा, पटलं तर भरा, आणि फोनवर हो म्हणाले एवढ्यावर थांबू नका, ट्रेनशिवायचं नवीन तिकीट ईमेलवर आलं आणि त्यात फ्रँकफर्ट-मुंबई स्पष्ट दिसलं की मगच झालं समजा.

जाता जाता, तुमचा मुलगा भारतात येतो तेव्हा त्याचं तिकीट स्टुटगार्टहून सुरू होत असणार, म्हणजे त्याची शेवटची ट्रेन हे शेवटचं कुपन. ते सोडून तो फ्रँकफर्टहून कुठे गेला तर पुढे रद्द होण्यासारखं काही उरतच नाही, म्हणून लोक बिनधास्त सोडतात. तरी एकदा लुफ्थान्साने शेवटचा टप्पा सोडणाऱ्या एका प्रवाशावर दोन हजार युरोच्या वर दावा लावला होता, तो ट्रेनचा नव्हता, फ्रँकफर्ट-ऑस्लो विमानाचा. बर्लिनच्या कोर्टाने डिसेंबर २०१८ मध्ये तो फेटाळला आणि कंपनी अपिलात गेली. एखाद्या वेळेस सोडलं तर एवढं घाबरू नये, सवय लावू नये.

प्रश्न : मी बेल्जियममध्ये ल्युव्हेनला शिकतो. ब्रुसेल्स मिडी ते पॅरिस विमानतळ ट्रेन आणि पुढे मुंबई, एअर फ्रान्सचं तिकीट, पॅरिसहून थेटपेक्षा बरंच स्वस्त मिळालं. निघायच्या आधी दोन दिवस पॅरिसला मित्राकडे जायचंय, तर तिथूनच विमानतळावर गेलो तर? – एक विद्यार्थी

उत्तर : नको रे बाबा. वर काकूंना कुपनांच्या क्रमाचं लिहिलंय ते तुलाही लागू, आणि तुझी तर पहिलीच पायरी आहे, ट्रेन सोडली की पुढचं सगळंच धोक्यात. स्वस्त का मिळालं हेही वर आहेच, तू ब्रुसेल्सहून निघतोस म्हणूनच ते भाडं. पॅरिसला आधीच्या आठवड्यात जाऊन ये, आणि निघायच्या दिवशी मिडीला एक तास आधी पोच, खाकरे आणायला विसरू नकोस असं आई परत येताना सांगेलच, तेव्हा जाताना बॅग हलकी ठेव.