वाहनविषयक प्रश्नोत्तरे : जुन्या, भरपूर चाललेल्या ट्रकला कोणते इंजिन ऑइल घालावे?

प्रश्न : माझा दहाचाकी ट्रक २०११ सालचा, टर्बो असलेला आणि बीएस-३ या प्रदूषण मानकाचा असून आजवर सात लाख किलोमीटरहून अधिक चालला आहे. गाडी बहुतेक वेळा उमरेडकडील खाणींतून कोराडीकडे कोळसा वाहते. पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० ऑइल सांगितले आहे. अलीकडे मात्र दोन ऑइल बदलांच्या मधल्या काळात बरेच ऑइल वरून घालावे लागते. आमचे मिस्त्री २०डब्ल्यू-५० घालायला सांगतात, मुलगा नव्या गाड्यांना लागते ते सिंथेटिक घ्यावे म्हणतो आणि दुकानदार ऑइल दाट करणारी एक बाटली देऊ पाहतो. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, वाडी, नागपूर

उत्तर : तूर्त पुस्तिकेचे ऐकावे. १५डब्ल्यू-४० हीच ग्रेड ठेवावी, डब्यावर एपीआय सीआय-४ प्लस (एपीआय या अमेरिकी संस्थेने ठरवलेला ऑइलचा दर्जा) असे लिहिलेले चांगल्या कंपनीचे मिनरल, म्हणजे सिंथेटिक नसलेले, ऑइल घ्यावे आणि ऑइल नेमके कोठे जाते याचा शोध आधी घ्यावा. ऑइल खाणाऱ्या इंजिनावर दाट ऑइल हा आपल्याकडे सर्रास केला जाणारा उपाय आहे. पण त्याने खरे दुखणे झाकले जाते आणि पुढे खर्च वाढतो.

ग्रेडमधील ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतील वागणूक सांगतो. १५डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे २० आणि २०डब्ल्यू ऑइलची उणे १५ अंशांवर होते, त्यामुळे नागपूरच्या हिवाळ्यात या दोहोंपैकी कोणत्याही ऑइलवर गाडी सुरू होईल. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो दुसरा आकडा. १०० अंश सेल्सिअसला ४० ग्रेडचे ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक) इतके दाट असते, तर ५० ग्रेडचे १६.३ ते २१.९ इतके. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो म्हणून ५० ग्रेड हवीच, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. परंतु इंजिनातील पाण्याचे तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून साधारण ८० ते ९० अंशांच्या आसपास राखतात आणि ऑइलचे तापमान त्याच्याशी बांधलेले असते. बाहेरची हवा जितकी तापते तितके ऑइल तापत नाही. भर उन्हात भरलेली गाडी चढावर तापत असेल, तर रेडिएटरची जाळी कोळशाच्या भुकटीने बुजली आहे का, फॅनबेल्ट सैल आहे का आणि थर्मोस्टॅट पूर्ण उघडतो का, हे पाहावे.

दाट ऑइल घातल्यावर ऑइल प्रेशरचा काटा वर सरकतो आणि मालकाला समाधान वाटते. तो काटा ऑइलला होणारा अडथळा दाखवतो, बेअरिंगपर्यंत किती ऑइल पोहोचते हे दाखवत नाही. पहाटे थंड इंजिन सुरू केल्यावर टर्बोच्या शाफ्टपर्यंत ऑइल जितके उशिरा पोहोचेल तितकी त्याची झीज अधिक, आणि दाट ऑइल तेथे उशिराच पोहोचते. तरीही मिस्त्रींचे म्हणणे मी सरसकट खोडून काढणार नाही. गरम इंजिनाचे आयडलवरचे प्रेशर कंपनीने दिलेल्या किमान मर्यादेखाली जात असेल, बेअरिंग झिजल्याचे ठरले असेल, पुस्तिकेतील तापमानाच्या तक्त्यात २०डब्ल्यू-५० ला मुभा असेल आणि इंजिनाचे काम काही महिन्यांत करायचेच असेल, तर तोवर ते ऑइल वापरण्यास हरकत नाही. मात्र प्रेशर वेगळा गेज लावून मोजावे. डॅशबोर्डवरच्या जुन्या काट्यावर असा निर्णय सोडू नये.

आता ऑइल कोठे जाते ते पाहू, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा येथेच आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच निळा धूर येऊन थोड्या वेळाने थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर जातो. भरलेली गाडी ओढताना निळा धूर टिकून राहत असेल आणि ऑइल भरायचे झाकण उघडल्यावर वाफ जोराने बाहेर येत असेल, तर रिंगा आणि लायनर झिजल्याची शक्यता अधिक असते. त्याची खातरजमा कॉम्प्रेशन मोजून करावी. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा पाइप काढून आत ऑइलचा थर साचला आहे का, हे बघावे. पण तो दिसताच टर्बो बदलण्याची घाई करू नये. इंजिनाचा ब्रीदर (आतील वाफ बाहेर सोडणारी वाट) तुंबला की चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भागात) दाब वाढतो आणि धडधाकट टर्बोच्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलले जाते. ब्रीदर साफ करायला जवळपास काहीच खर्च येत नाही, म्हणून ते काम सर्वांत आधी करावे.

आणखी एक जागा आहे, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच ऑइलवर चालतो. त्याच्या रिंगा झिजल्या की ऑइल हवेबरोबर थेट टाक्यांत जाते. ना धूर दिसतो, ना जमिनीवर थेंब पडतो. हवेच्या टाकीखालचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडून पाहावा. पाण्याबरोबर भरपूर काळे ऑइल निघाले, तर कॉम्प्रेसर दुरुस्त करून घ्यावा. हे ऑइल ब्रेकच्या व्हॉल्व्हमधील रबरही खराब करते, त्यामुळे येथे चालढकल करणे धोक्याचे आहे.

कोळशाच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीच्या बाबतीत धुळीचा विचार ऑइलच्या ग्रेडपेक्षाही आधी करावा, असे माझे ठाम मत आहे. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या रबरी होजला पडलेली बारीक चीर किंवा सैल झालेली एक क्लिप पुरेशी होते. तेथून शिरलेली खाणीतील धूळ रिंगा आणि लायनर घासून टाकते, आणि मग जगातील कोणतेही ऑइल ती झीज भरून काढू शकत नाही. फिल्टर हवेचा झोत मारून वारंवार साफ केल्याने त्याचा कागद फाटतो, म्हणून तो वेळेवर बदललेलाच बरा. ऑइल बदलताना त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेता आला तर अवश्य घ्यावा; काही ऑइल कंपन्या आपल्या ग्राहकांना ही सोय देतात. अहवालात सिलिकॉन आणि लोह दोन्ही वाढलेले असतील, तर धूळ आत जात आहे असे समजावे. तांबे आणि शिसे वाढले असेल, तर बेअरिंगकडे लक्ष द्यावे.

चिरंजीवांच्या सूचनेविषयी. एपीआयच्या यादीत डिझेल इंजिनांसाठीच्या सीआय-४ चा परवाना २००२ मध्ये आणि सीके-४ चा डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाला. नव्या गाड्यांसाठीचे सीके-४ जुन्या इंजिनात चालते, त्याने अपाय होत नाही आणि ते उष्णतेत अधिक काळ टिकते. परंतु त्यात राख कमी ठेवलेली असते ती नव्या गाड्यांच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरसाठी, आणि आपल्या गाडीला तो फिल्टरच नाही. शिवाय ऑइल वरून घालावे लागत असताना महाग सिंथेटिक जाळण्यात अर्थ नाही. सिंथेटिक घातल्याने सील गळतात, ही समजूत जुन्या काळातील ऑइलवरून पडलेली आहे. आजच्या ऑइलमध्ये सीलची काळजी घेणारे घटक असतात. गळती थांबवून, इंजिनाचे काम झाल्यावर सिंथेटिकचा विचार जरूर करावा. एफए-४ असे लिहिलेले ऑइल मात्र कोणी फुकट दिले तरी घेऊ नये. ते मुद्दाम पातळ, ३० ग्रेडचे बनवलेले असते आणि जुन्या इंजिनांसाठी नसते. दुकानदाराची बाटलीही नको. त्या पैशात एक चांगला ऑइल फिल्टर येतो.

ऑइल बदलण्याचे अंतर वाढवू नये. झिजलेल्या इंजिनात काजळी आणि न जळलेले डिझेल ऑइलमध्ये लवकर उतरते. त्यातही खाणीच्या आणि वीजकेंद्राच्या रांगेत इंजिन चालू ठेवून काढलेले तास किलोमीटरमध्ये मोजले जात नाहीत, म्हणून अशा गाडीने पुस्तिकेत कठीण वापरासाठी दिलेले कमी अंतर धरावे. दिलाशाची एक गोष्ट आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा) आहे, बीएस-३ डिझेलमध्ये ती ३५० होती. त्यामुळे ऑइलमध्ये आम्ल तयार होण्याचा त्रास पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाला आहे.

प्रश्न : प्रवासात आपल्या कंपनीचे ऑइल न मिळाल्यास दुसऱ्या कंपनीचे वरून घातले तर चालते का? आणि जुन्या इंजिनाचे ऑइल बदलताना फ्लश (गाळ सोडवणारा द्रव घालून इंजिन आतून धुणे) करून घ्यावे का?
– एक वाचक, कामठी

उत्तर : चालते. डिझेल इंजिनाची एपीआय दर्जाची ऑइले एकमेकांत मिसळतात. ग्रेड तीच आणि दर्जा तोच किंवा वरचा असावा, इतके पाहावे. कमी ऑइलवर गाडी हाकण्यापेक्षा वेगळ्या कंपनीचे ऑइल घालणे केव्हाही सुरक्षित. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी आणि वरच्या खुणेपलीकडे भरू नये. न घालताच पातळी वाढलेली दिसली, तर गाडी पुढे नेऊ नका. ऑइल पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल तर पंपाकडून किंवा नोझलकडून डिझेल उतरत आहे, आणि ते दुधाळ दिसत असेल तर पाणी आत शिरत आहे.

वर्षानुवर्षे गाळ साचलेल्या इंजिनात तीव्र फ्लश वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. एकदम सुटलेला गाळ चेंबरमधील जाळीवर जाऊन बसतो आणि पंपाला ऑइल ओढता येत नाही. चेंबर उतरवून जाळी हाताने धुऊन घ्यावी, नवे गॅसकेट बसवावे आणि पुढचे एक-दोन बदल नेहमीपेक्षा लवकर करून दर वेळी फिल्टरही बदलावा. चांगल्या ऑइलमधील डिटर्जंट उरलेला गाळ हळूहळू सोडवते; त्यामुळे नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे झाले तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण काजळी ऑइलमध्येच तरंगत ठेवणे हे त्याचे कामच आहे. ऑइल अधिकृत विक्रेत्याकडून, सील तपासून आणि पक्क्या बिलावर घ्यावे, आणि रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला भोक पाडावे, म्हणजे त्यात बनावट ऑइल भरून तो पुन्हा बाजारात येणार नाही.