वाचकांचे प्रश्न : ग्रीक कथा, शाळेचं स्टेज आणि ४५ मुलं

शाळेत ग्रीक पुराणकथेवर म्युझिकल बसवणाऱ्यांची आणि त्यात काम करणाऱ्या मुलांच्या पालकांची पत्रं या वेळी एकत्र घेतेय. पहिलं उत्तर जरा लांबलंय, पण तो प्रश्नच तसा आहे.

प्रश्न : मी शाळेत संगीत शिकवते. पाचवी ते सातवीच्या ४५ मुलांना घेऊन राजा मिडासवर ४० मिनिटांचं म्युझिकल करायचंय. पण एकट्याने सुरात गाणारी मुलं जेमतेम तीन, आणि रोल सगळ्यांनाच हवाय. शिवाय हात लावला की सोनं, मुलगी सोन्याची झाली, राजाला पश्चात्ताप झाला, एवढीच गोष्ट, ती ४० मिनिटं कशी पुरणार?

उत्तर : ताई, तुमच्या दोन्ही अडचणींवर उपाय एकच, तो म्हणजे कोरस. प्राचीन अथेन्सच्या ट्रॅजेडीत बोलणारे नट साधारण तीनच असायचे, तेच मुखवटे बदलून सगळ्या भूमिका करायचे, आणि कोरसमध्ये आधी १२ आणि पुढे १५ जण, ते गायचे, नाचायचे, राजाला जाब विचारायचे, त्याच्यासाठी घाबरायचे पण. तेव्हा तीन सोलो गाणारे आणि बाकी सगळा समूह हे काही कमी पडणं नाही, ग्रीक नाटकाची बांधणीच तशी आहे. मात्र कोरसला मागे तीन रांगांत उभं करून नुसतं आ-आ करायला लावू नका प्लीज, त्या ४२ मुलांना स्टेजवर काहीतरी करायचं काम द्या, राजवाडा त्यांनीच व्हायचं, नदी त्यांनीच व्हायचं, अफवा पण त्यांनीच पसरवायची.

आता गोष्ट. तुम्ही सांगताय ती अर्धीच आहे! रोमन कवी ओव्हिडने ‘मेटामॉर्फसिस’च्या अकराव्या भागात मिडासची पूर्ण कथा सांगितलीय आणि गंमत म्हणजे त्यात मुलगी नाहीच, ती सोन्याची झालेली मुलगी एकोणिसाव्या शतकात अमेरिकन लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्नने मुलांसाठी गोष्ट लिहिली त्यातून सगळीकडे पोचली. ओव्हिडकडे राजा भुकेने कासावीस होतो, भाकरी सोन्याची, वाइनचं पण सोनं, मग तो देवाची माफी मागतो आणि पॅक्टोलस नदीच्या उगमाशी जाऊन अंग धुतो, तेव्हा तो स्पर्श नदीत उतरतो. मुलगी ठेवायची तर खुशाल ठेवा, स्टेजवर तो प्रसंग छान होतो, पण तिथे पडदा पाडू नका, कारण खरा म्युझिकलचा मसाला त्याच्या पुढे आहे.

पुढे काय होतं, तर रानाचा देव पॅन बासरी वाजवतो, संगीताचा देव अपोलो लायर (छोटं तंतुवाद्य) वाजवतो, टमोलस पर्वत स्वतः जज असतो आणि अपोलोला जिंकवतो. एकटा मिडास म्हणतो हा निकाल चूक, आणि अपोलो चिडून त्याला गाढवाचे कान देतो. राजा ते डोक्याला गुंडाळून लपवतो, पण न्हाव्यापासून कसं लपणार? न्हाव्याला बोलायची चोरी आणि गप्प पण राहवत नाही, म्हणून तो जमिनीत खड्डा करतो, त्यात हळूच सांगतो, माती लोटतो आणि निघून जातो. तिथे वेत उगवतात आणि वारा आला की ते वेतच राजाचं गुपित बोलायला लागतात. गाण्याची स्पर्धा, गुपित आणि गाणारं वेताचं बन, अजून काय पाहिजे! मी तर म्हणेन सोन्याचा भाग १५ मिनिटांत आटपा आणि बाकी सगळा वेळ कानांना द्या.

वेताचा सीन असा करून बघा. ट्रॅक पूर्ण बंद. न्हावी मध्यभागी गुडघ्यावर, जमिनीकडे तोंड करून पुटपुटतोय, प्रेक्षकांना शब्द कळताच कामा नये. तो गेला की भोवती जमिनीवर गोळा होऊन बसलेली ४०-४२ मुलं एकेक करत उठायला लागतात, आधी फक्त श्वास, मग डावीकडून उजवीकडे जाणारा ‘स्स्स’, मग कुठूनतरी एक ‘का’, दुसरीकडून ‘न’, मग ‘कान, कान’, आणि मग चार गटांनी एकामागून एक तीच ओळ सुरू करायची, ‘राजाचे कान गाढवाचे’, पहिला गट दुसऱ्या ओळीवर गेला की दुसऱ्याने पहिली घ्यायची. यात सुरात गाणं फारसं लागतच नाही, ताल आणि कान उघडे ठेवणं लागतं, आणि जी मुलं सुरात कच्ची म्हणून बाजूला पडतात ती कुजबुजायला सगळ्यात पटाईत असतात, बघाच तुम्ही. आवाज वाढत वाढत शिगेला पोचला की एकदम कट, आणि त्या शांततेत राजा टोपी काढतो. टोपीसुद्धा कथेला धरूनच आहे बरं का, मिडास हा फ्रिजियाचा राजा (हा प्रदेश आजच्या तुर्कस्तानात येतो) आणि पुढे शेंडा वाकलेली मऊ फ्रिजियन टोपी ग्रीक चित्रांमध्ये पूर्वेकडच्या लोकांच्या डोक्यावर सर्रास दिसते, तिच्या आत कान आरामात मावतात.

सोन्याच्या सीनला मुलांच्या अंगावर सोनेरी स्प्रे वगैरे अजिबात मारू नका. एका बाजूने साध्या आणि दुसऱ्या बाजूने सोनेरी अशा वस्तू कोरसच्या हातात द्या, राजाने हात लावला की ट्रायँगलचा एक ठोका आणि वस्तू उलटी. पहिले दोन-तीन वेळा लोक हसतात, मग ठोके जवळजवळ यायला लागतात, आणि मुलीला हात लावतो तेव्हा ठोका वाजवायचाच नाही. ठोका आला नाही की प्रेक्षकांना आपोआप कळतं काय झालं ते.

गाणी सहाच्या वर नकोत, आणि पट्टी मुलांची घ्या, तुमची नको, या वयाला मधल्या सा पासून वरच्या सा-रे पर्यंत ठेवलंत तर कोणी किंचाळणार नाही. चालींबद्दल एक सांगते, मूळ कथा सगळ्यांची आहे, तिच्यावर कोणाचा हक्क नाही, पण आजच्या गाण्याच्या चालीवर आपले शब्द बसवायचे तर परवानगी लागू शकते, आणि छापील तयार म्युझिकल घेतलं तर त्याचं लायसन्स. तुम्ही संगीत शिकवता, तुमच्याच चाली करा ना, पाच स्वरांत बसणाऱ्या साध्या चाली मुलं पटकन उचलतात.

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे, शाळेच्या म्युझिकलमध्ये तिला पर्सेफनीचा रोल मिळालाय. पाताळाचा राजा हेडीज तिला पळवून नेतो आणि पुढे दोघांचं ड्युएट आहे, ते वाचून मला कसंतरीच झालं. मी उगाच काळजी करतोय का?

उत्तर : उगाच नाही, दादा. नऊ वर्षांच्या मुलीने पळवून नेणाऱ्यासोबत प्रेमाचं ड्युएट गावं हे मलाही पटत नाही, आणि मूळ कथेचा तसा आग्रहही नाही. ही कथा सविस्तर सांगणारं सगळ्यात जुनं काव्य म्हणजे डीमीटरचं (पर्सेफनीची आई, धान्याची देवी) होमेरिक स्तोत्र, आणि त्याचा सगळा जीव आईत आहे. मुलगी फुलं तोडत असते, जमीन दुभंगते, हेडीज रथातून तिला तिच्या मनाविरुद्ध घेऊन जातो आणि देवांचा राजा झ्यूस, म्हणजे तिचा बाप, त्याने परस्पर होकार दिलेला असतो. पुढे आई हातात मशाली घेऊन नऊ दिवस शोधत फिरते, मग धान्य उगवूच देत नाही, शेवटी देवांना झुकावं लागतं आणि देवांचा निरोप्या हर्मीस मुलीला परत आणतो. डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो म्हणून वर्षाचा तिसरा भाग तिला खाली राहावं लागतं, बाकी आईजवळ.

शिक्षकांशी नीट बोला, तक्रारीच्या सुरात नको. ते ड्युएट आई आणि मुलीचं करता येईल का विचारा, आई वर शोधतेय, मुलगी खाली हाका मारतेय, दोघींची चाल एकच पण दोघींना एकमेकींचं ऐकू येत नाही. बहुतेक सर तयार होतील, कारण स्टेजवर हे जास्त चांगलंच दिसतं. आणि घरी मुलीला स्पष्ट सांगा की तिला न विचारता नेलं हे चूकच होतं, कथा जुनी आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही. मुलांना हे समजतं.

प्रश्न : आठवीच्या मुलाला ऑर्फियसचा, ग्रीक कथेतल्या गायकाचा रोल दिलाय आणि त्याचा आवाज नेमका आत्ता फुटायला लागलाय. रोल बदलावा का? मुलगा खूप मनापासून करतोय.

उत्तर : मुलाला काढू नका. गाण्याची पट्टी खाली आणा, सगळा पल्ला पाच-सहा स्वरांत बसवा आणि वरच्या ओळी कोरसला द्या, तो गायला लागला की झाडं आणि दगडसुद्धा त्याच्यामागे येतात अशीच तर ऑर्फियसची ख्याती आहे. ज्या दिवशी आवाज अगदीच साथ देणार नाही त्या दिवशी ओळी म्युझिकवर नुसत्या बोलू देत. ताण देऊन गायला मात्र लावू नका. आणि पर्यायी म्हणून एखादी मुलगी तयार ठेवा, त्यात काही वावगं नाही, संगीतकार ग्लूकच्या १७६२ च्या ऑपेरात हा रोल उंच आवाजाच्या पुरुष गायकासाठी होता आणि आज तो कितीतरी ठिकाणी बायका गातात.

प्रश्न : ग्रीक म्हणजे सगळ्यांना पांढऱ्या चादरी गुंडाळायच्या ना?

उत्तर : पांढऱ्याच का? ग्रीक लोक रंगीत कपडे घालायचे आणि त्यांचे संगमरवरी पुतळेसुद्धा रंगवलेले असायचे, रंग उडाल्यामुळे आपल्याला ते पांढरे दिसतात. खांद्यावरून जाणारा मोठा टोगा रोमन लोकांचा, ग्रीकांचा कायटन, म्हणजे दोन्ही खांद्यांवर पिना लावून कमरेला बांधलेलं साधं कापड. केशरी, निळा, गडद लाल, जे असेल ते वापरा, कोरसला एक रंग दिला की स्टेज भरून दिसतं. पूर्ण मुखवटे नकोत, आवाज आत अडकतो, डोळ्यांपुरता अर्धा चालेल. कापडाची लांबी घोट्याच्या वर ठेवा, पिना सेफ्टी पिनाच घ्या, आणि निदान दोन तालमी पूर्ण कपड्यांत करून घ्या.