फिशमील (खाद्यात घालतात ती सुक्या मासळीची भुकटी) पूर्ण बंद करून तिलापिया माशांना ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या दिल्या तर चालेल का?

तुमचा विचार असा दिसतो: विक्रेत्याच्या पत्रकावर वाळवलेल्या अळ्यांत 42 टक्के प्रथिनं लिहिलीत, मग महागडं फिशमील कशाला? अळ्या जरूर वापरा, मी त्यांच्या बाजूचाच आहे. पण त्या 42 वर हिशेब मांडू नका.

प्रयोगशाळेत सहसा प्रथिनं थेट मोजत नाहीत. नमुन्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. अळीच्या कातडीत काइटिन नावाचा कडक पदार्थ असतो, त्यातही नायट्रोजन असतो, आणि तोसुद्धा प्रथिनांच्या खात्यात जमा होतो. अख्ख्या अळीसाठी संशोधकांनी सुचवलेला गुणक 4.76 आहे. तो लावला की 42 चे 32 होतात. फिशमीलमध्ये साधारण 60 ते 70 टक्के प्रथिनं असतात, शिवाय वाढीला लागणारं मेथिओनिन हे अमिनो आम्लही अळीपेक्षा जास्त. म्हणजे किलोला किलो अदलाबदल केलीत तर वाढ मागे पडणारच.

दुसरी गोष्ट तेलाची. वाळलेली अळी बोटांत चुरडून बघा, बोटं लगेच तेलकट होतात. तिच्या वजनाचा चौथा ते तिसरा हिस्सा चरबीच असते. अशा अळ्या दळताना जाळी तुंबते, गोळी नीट बांधली जात नाही, आणि साठवलेल्या खाद्याला खवट वास येऊ लागतो. म्हणून शक्य असेल तर तेल काढलेली भुकटी घ्या. तिच्यात पत्रकाच्या भाषेत 50 ते 60 टक्के प्रथिनं असतात. अळीच्या चरबीत मुख्यतः लॉरिक आम्ल हे मेदाम्ल असतं. ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-3 मेदाम्लं जवळजवळ नसतातच. तिलापिया ते बऱ्यापैकी सोसतो. सॅल्मन माशाच्या खाद्यात मात्र माशाचं किंवा शैवालाचं तेल वेगळं घालावंच लागतं.

अळ्या कशावर वाढल्यात, हे मात्र नक्की विचारा. हा प्रश्न मला भावापेक्षा महत्त्वाचा वाटतो. मासळीच्या टाकाऊ भागावर वाढवल्या तर त्यांच्यात ओमेगा-3 वाढतं. त्यांच्या खाद्यात कॅडमियम हा विषारी धातू असेल तर तेही अंगात साठत जातं. युरोपीय संघाने जुलै 2017 पासून मत्स्यखाद्यात कीटकांच्या प्रथिनांना परवानगी दिली, पण त्या कीटकांना शेण-विष्ठा किंवा हॉटेलातलं खरकटं घालायला मनाई ठेवली. कडक वाटला तरी मला हा नियम योग्यच वाटतो.

जागा असेल तर स्वतः वाढवण्याचाही विचार करा. 27 ते 30 अंश तापमानात अळी दोन-तीन आठवड्यांत तयार होते. कोषात जायची वेळ आली की ती काळपट होते, खाणं सोडते आणि कोरडी जागा शोधत ओल्या खाद्यातून बाहेर पडते. टाकीला उतरता काठ ठेवला तर रात्रीत या अळ्या रांगेने चढून आपोआप बादलीत पडतात. पण खाद्यासाठी त्याआधीच्या फिकट अळ्या चाळून घेतलेल्या बऱ्या, कारण काळ्या पडल्यावर काइटिन वाढतं.

सुरुवात फिशमीलचा चौथा हिस्सा बदलून करा. एका हापात (तळ्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) नवं खाद्य, शेजारच्यात जुनंच, मासे दोन्हीकडे सारख्याच वजनाचे. दर पंधरवड्याला वजन घ्या आणि किती खाद्यावर किती वाढ झाली ते लिहून ठेवा. अळ्यांत कॅल्शियम भरपूर असतं, तेव्हा खनिज मिश्रणातलं तेवढं कमी करायला विसरू नका.