'करू देतो' म्हणजे नक्की काय?

प्रश्न : ताई नमस्कार, मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते, नाव छापू नका प्लीज. आमच्याकडे सध्या रोज रात्री जेवणं झाली की सासूबाई मोबाइलवर 'फुलाला सुगंध मातीचा'चे जुने एपिसोड लावतात, तीच ती शिकलेली कीर्ती, तिचा मिठाईवाला नवरा शुभम आणि त्याची कडक आई जीजी अक्का. आता आमचं पण थोडंफार तसंच आहे, मी एम.कॉम. आणि बँकेत, आणि मिस्टरांचं नमकीन-मिठाईचं दुकान, ते बारावीनंतर शिकले नाहीत, वडलांच्या गादीवर बसले. तर सासूबाई रोज म्हणतात बघ शुभम बायकोला किती सपोर्ट करतो, आमचा पण तसाच आहे, तुला नोकरी करू देतो ना. मला ते 'करू देतो' खटकतं पण भांडायला मुद्दा सापडत नाही, कारण मिस्टर खरंच चांगले आहेत, आवाज चढवत नाहीत, पगाराचं विचारत नाहीत. मी पण घराचं सगळं करते, दुकानाचं जीएसटी रिटर्न पण दर महिन्याला मीच भरते, रात्री बसून. आता मला प्रमोशनची परीक्षा द्यायचीय, पास झाले तर बदली होणार, उज्जैन, देवास, भोपाळ, कुठेही. अजून घरात बोलले नाहीये. मला सांगा, ते सिरीयलमधले दोघं खरंच बरोबरीचे होतात का, का नुसती तिच्या अंगावर पोलिसाची वर्दी चढते?

उत्तर : अगं, पहिल्यांदा कबूल करते की ही सिरीयल मी पण पाहिलीय, आणि त्याच्या आधी जिच्यावरून ती केली ती हिंदीतली 'दिया और बाती हम' पण पाहिलीय, २०११ ते २०१६, पाच वर्षं, तेव्हा आमच्याकडे रात्री नऊला कोणी आलेलं मला चालायचं नाही. त्यामुळे या विषयावर मी जरा जास्तच बोलणार आहे.

वर्दीचं तू बरोबर पकडलंयस. लोकांना वाटतं हिंदीतली संध्या आयपीएस झाली आणि मग ते दोघं बरोबरीचे झाले. मला तसं वाटत नाही. उलट वर्दी आली तेव्हा तर ती त्याच्या वर गेली, म्हणजे लोकांच्या नजरेत, आणि तिथून पुढे सिरीयलवाल्यांना त्याला मोठा करायची धडपड करावी लागली. बरोबरी आधीच कुठेतरी झाली होती, स्वयंपाकघरात. आठवतंय का, हिंदीतल्या संध्याला स्वयंपाक येत नव्हता, आणि तिचा नवरा सूरज पुष्करचा हलवाई, त्याच्या हातात सगळं. लग्न तर चक्क खोटेपणावर लागलं होतं, तिच्या भावानं तिला सांगितलं मुलगा शिकलेला आहे आणि सूरजच्या घरच्यांना सांगितलं मुलगी जास्त शिकलेली नाही. आता खोटं उघडं पडल्यावर दोघांची इज्जत गेलेली, आणि तिथे तो तिला गुपचूप कढईसमोर उभं राहून शिकवतो, आणि नंतर ती शिकावी म्हणून धडपडतो. माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे. तुला जे येतं ते मला येत नाही, मला येतं ते तुला येत नाही, आणि यात दोघांपैकी कोणाला लाज वाटत नाही. एवढं टीव्हीवर दाखवलं त्यांनी, हे कमी नाही गं, कारण त्याच वेळी बाकीच्या चॅनेलवर नवरे म्हणजे सूट घालून ओरडणारे बिझनेसमन होते.

पण एक गोष्ट मला तेव्हाही टोचायची. 'गुपचूप'. तो तिला किती दिवस चोरून मदत करत राहतो, भाभोला, म्हणजे त्याच्या आईला, कळू नये म्हणून! प्रेम म्हणून गोड आहे, पण बरोबरी नाही ती. आईसमोर उभं राहून 'हो, ती शिकणार आणि मी तिच्या बाजूनं आहे' असं म्हणायला त्याला जो वेळ लागला, तो खरा त्या दोघांचा प्रवास, बाकी ते बॉम्ब आणि अतिरेकी वगैरे टीआरपीचं सामान. मराठीत शुभमचं पण तेच, जीजी अक्कासमोर शब्द फुटेपर्यंत आपला जीव टांगणीला.

आता तुझ्याकडे येते. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, तू ते असं घाईघाईत लिहून पुढे गेलीस की तुझं तुलाच दिसलं नाही. दुकानाचं रिटर्न मीच भरते. अगं बाई! दर महिन्याच्या २० तारखेच्या आत ते गेलं नाही तर लेट फी लागते, व्याज लागतं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नमकीनवरचा टॅक्स १२ वरून ५ टक्के झाला तेव्हा बिलिंगमधले रेट, जुना स्टॉक, हे सगळं कोणी बसून निस्तरलं असेल ते मला न सांगता कळतंय. दिवसभर बँक, रात्री दुकानाचे आकडे, पगार नाही, गल्ल्याशेजारी खुर्ची नाही. आणि घरात म्हणतात काय, तो तुला नोकरी करू देतो. मग तू त्याला दुकान चालवू देतेस असं कोणी म्हणतं का? सासूबाईंना हे भांडणाच्या सुरात सांगू नकोस, हसत हसत सांग, पोहे करता करता. त्या सिरीयल बघणाऱ्या आहेत, त्यांना डायलॉग कळतो.

पण तुला पण एक ऐकावं लागेल. बारावीनंतर शिकले नाहीत, गादीवर बसले. बसले?? रात्री सराफ्यात जाऊन उभी राहा एकदा, सोन्याची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर कढया चढतात, तिथे एखादा म्हातारा हलवाई दोन बोटांत चाशनी, म्हणजे साखरेचा पाक, धरून तार बघतो आणि गॅस बारीक करतो, थर्मामीटर नाही काही नाही. तुझ्या मिस्टरांना पण ते येत असणार. तू लग्नानंतर कधी कारखान्यात जाऊन विचारलंस का की तुम्ही हे कसं ओळखता? नसेल विचारलं तर मग 'शिकलेली मी' हा काटा तुझ्या बाजूनं पण थोडा झुकलाय बरं का. (सराफ्याचं निघालंच आहे तर, तिथे भुट्ट्याचा कीस, गराडू, मालपुवे, सगळं करणारे बहुतेक पुरुष, आणि यातले कितीजण घरी स्वतः पाणी घेऊन पितात हा प्रश्न मी आमच्या ह्यांना विचारला होता, त्यांनी विषय बदलला.)

परीक्षेचं. सिरीयलमध्ये जे दाखवत नाहीत ते तुला करायचंय. खरी आयपीएस झालेली मुलगी आधी फाउंडेशन कोर्स आणि मग हैदराबादची पोलीस अकादमी असं मिळून दोनेक वर्षं घराबाहेर असते, त्या काळात घरी डबा कोण भरतं, सासूच्या गोळ्या कोण आणतं, हे कुठल्या एपिसोडमध्ये पाहिलंस? म्हणून आधी मिस्टरांशी बोल, सासूबाईंच्या आधी, आणि 'देऊ का परीक्षा' असं विचारू नकोस. 'मी परीक्षा देतेय, बदली झाली तर आपण कसं करायचं' असं बोल. देवास, उज्जैनला इंदूरची अर्धी नोकरदार मंडळी रोज अपडाउन करते, उज्जैन ५५ किलोमीटर, त्याचं फार टेन्शन नाही. भोपाळ मात्र १९० आहे, ते रोज होणार नाही, तिथे खोली लागेल, आणि मग शनिवारी कोण कोणाकडे जाणार हे पण आत्ताच ठरवा, दर वेळी तूच बस पकडायची असं नको, त्यांनी पण यावं. आणि रिटर्नसाठी एक माणूस ठेवायला सांग. त्याला महिन्याला किती द्यावे लागतात हे कळलं की तू इतकी वर्षं फुकट काय करत होतीस याचा आकडा घरात सगळ्यांना आपोआप दिसेल.

ते गप्प राहिले तर घाबरू नकोस, चांगली माणसं आधी गप्पच होतात. दोन दिवस दे. पण सासूबाई विचारतील तेव्हा ते काय बोलतात, आणि त्यांच्यासमोर बोलतात का तुला नंतर खोलीत येऊन सांगतात, तिकडे लक्ष ठेव. मला कळव.

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची, लग्न झालंय, बी.एससी. आहे. सिरीयल बघून विचारतेय, हसू नका, मला आता यूपीएससी देता येईल का? आणि नवऱ्याचं संमतिपत्र वगैरे लागतं का?

उत्तर : हसले नाही. देता येईल. पदवी पाहिजे, ती आहे. ओपनला वय २१ ते ३२ आणि सहा अटेम्प्ट, ओबीसी, एससी-एसटीला वयात सूट आहे. लग्न झालंय म्हणून कोणी अडवत नाही. आयपीएसच हवं असेल तर बायकांना उंची साधारणपणे १५० सेंटीमीटर लागते, ती आजच दाराला उभी राहून मोजून घे, नंतर रडायला नको. प्रिलिम, मेन्स, इंटरव्ह्यू, एका फेरीत वर्ष जातं, सिरीयलसारखं पटकन उरकत नाही. आणि संमतिपत्राचं, फॉर्ममध्ये नवऱ्याच्या सहीला जागाच नाहीये.